गोळी रोज घेते. आता मूल होऊ देता येईल का?

या वेळच्या टपालात एचआयव्हीसह जगणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची पाच पत्रे आहेत. पाचही पत्रे विदर्भातील गावांमधून आली आहेत. ओळख पटेल असा मजकूर वगळून ती संक्षिप्त केली आहेत. ही पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांची, गोळी कधी घ्यायची, पुढची तारीख कोणती, हे या सर्वांना नीट माहीत आहे. परंतु दिवस राहणे, पाळी, पांढरे जाणे, नवराबायकोचे संबंध यांविषयी त्यांना कोणी विचारलेले नाही आणि त्यांनाही विचारायला जागा मिळालेली नाही. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर मी सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझे वय २७ वर्षे असून मी यवतमाळ जिल्ह्यात राहते. पहिल्या नवऱ्याच्या आजारपणात माझीही तपासणी झाली आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ते वारले त्याला पाच वर्षे झाली. तेव्हापासून माझी एआरटी चालू आहे. गेल्या वर्षी माझे दुसरे लग्न झाले. यजमानांना सर्व माहीत आहे आणि त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आम्हांला मूल हवे आहे. पण दवाखान्यातील एका नर्सबाईंनी ‘तुमच्यासारख्यांनी हा विचारच करू नये’ असे सुनावले. माझ्या शेवटच्या व्हायरल लोडच्या कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

उत्तर : ताई, मूल होऊ द्यायचे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे आहे. होऊ देता येते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र स्वच्छ ‘होय’ असे आहे. नर्सबाई जे बोलल्या ते चुकीचे होते आणि ते तुम्हांला ऐकून घ्यावे लागले याचे मला वाईट वाटते.

प्रथम त्या कागदाविषयी. व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती सापडतात त्याचा आकडा. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ याचा अर्थ तुमच्या रक्तातील विषाणू औषधाने इतका दाबला गेला आहे की तपासणीच्या यंत्राला तो सापडला नाही. विषाणू शरीरातून गेला, असा त्याचा अर्थ नाही. तो काही पेशींत दडून राहतो आणि गोळी बंद केली की थोड्याच आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो. परंतु तो असा दबलेला असेपर्यंत शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे, कारण त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात २०११ साली दिसून आले. पुढे याच अभ्यासाच्या अंतिम निष्कर्षात असेही आढळले की ज्यांचा विषाणू औषधाने स्थिरपणे दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचीही आज हीच भूमिका आहे.

तेव्हा पहिला प्रश्न मी तुम्हांलाच विचारते : हा कागद किती महिन्यांपूर्वीचा आहे, आणि त्यानंतर गोळ्या चुकल्या आहेत का? एआरटी सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून सेंटरची तारीख टळते, बस मिळत नाही, आठवडाभर डबी रिकामी राहते, हे आपल्याकडे घडते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र ते काउन्सेलरताईंना सांगितले पाहिजे. कागद जुना असेल किंवा मध्ये खंड पडला असेल, तर आम्हांला मूल हवे आहे असे स्पष्ट सांगून पुन्हा तपासणीची विनंती करा आणि निकाल येईपर्यंत निरोध वापरा.

विषाणू दबलेला आहे याची खात्री झाली, की आणखी काही तपासण्या दोघांनीही करून घ्याव्यात. गुप्तरोगांची, विशेषतः सिफिलिसची, रक्ततपासणी करावी. खोकला, रात्रीचा घाम, वजन घटणे असे काही असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. हिमोग्लोबिन पाहावे. विदर्भात राहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी जे सांगते तेही येथे सांगते : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी दोघांनी करून घ्या, कारण दोघेही वाहक असतील तर बाळाला तो आजार होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी असते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करावी. सध्या सरकारी केंद्रांवर मिळणाऱ्या एआरटीच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र असतात. डोल्युटेग्राविरमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहतो अशी भीती २०१८ साली व्यक्त झाली होती. पुढे अधिक माता-बाळांची नोंद झाल्यावर ती निराधार ठरली. त्यामुळे दिवस राहण्यासाठी किंवा राहिल्यावर गोळी बंद करू नका. कोणी बंद करायला सांगितले, तरी आधी एआरटीच्या डॉक्टरांना विचारा.

तुमची पाळी दर २८ दिवसांनी येत असेल, तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण अकराव्या ते सोळाव्या दिवसापर्यंतचा काळ गर्भधारणेला अनुकूल असतो. त्या दिवसांत निरोध न वापरता संबंध ठेवावेत. मनात धाकधूक असेल तर इतर दिवसांत निरोध वापरा; यजमानांनी दर सहा महिन्यांनी आपली तपासणी करून घ्यावी. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांचीही तपासणी व्हावी. आपल्याकडे बाईलाच दवाखाने फिरवतात आणि पुरुषाची वीर्यतपासणी शेवटी आठवते. तसे होऊ देऊ नका. आपल्या देशात गर्भाशयाच्या नळ्यांचा क्षयरोग हेही मूल न राहण्याचे एक कारण आहे, म्हणून ती बाजूही पाहावी लागते.

दिवस राहिल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात लवकर नोंद करा. तेथे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील. येथे एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती सांगायची बहुतेकदा राहून जाते. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते. यावर साधा उपाय म्हणजे सकाळी लोहाची गोळी, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम आणि रात्री झोपताना एआरटीची गोळी घेणे. दुपारच्या गोळीनंतर सहा तास गेलेले असावेत, एवढे पाहावे. आठव्या-नवव्या महिन्यात, म्हणजे ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, व्हायरल लोड पुन्हा तपासून घ्यावा. बाळाला कोणते औषध द्यायचे ते त्यावरून ठरते.

बाळंतपण रुग्णालयातच व्हावे. एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. इतर बायांना ज्या कारणांसाठी ते करतात, त्याच कारणांसाठी तुमचेही करावे. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. आईचा विषाणू दिवस राहण्याआधीपासून दबलेला असेल तर ते एक टक्क्याच्याही खाली येते. जन्मानंतर बाळाला साधारण सहा आठवडे औषधाचे सिरप द्यावे लागते. आईचा व्हायरल लोड जास्त असेल, तर दोन औषधे आणि अधिक काळ द्यावी लागतात.

दुधाविषयी सासूबाईंनाही विश्वासात घ्या. पहिले सहा महिने बाळाला फक्त तुमचे दूध द्यायचे आहे. घुटी, मध, पाणी, गाईचे किंवा डब्याचे दूध यांतले काहीही त्यासोबत द्यायचे नाही. वरचे दूध आणि अंगावरचे दूध एकत्र दिले, तर बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. तुमची गोळी चालू असताना निव्वळ अंगावरचे दूध बाळासाठी योग्य आहे. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी तपासणी सहाव्या आठवड्यात, मग सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात होते. अठरा महिने हा मोठा काळ आहे. आईच्या जिवाची या काळात जी घालमेल होते ती मी जवळून पाहिली आहे. म्हणून प्रत्येक तारखेला यजमानांनी सोबत जावे, अशी त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. आम्ही दोघेही पॉझिटिव्ह असून आठ वर्षांपासून गोळ्या घेतो. दोन मुले आहेत, आता मूल नको. मालक निरोध वापरायला तयार होत नाहीत. एआरटी चालू असताना तांबी किंवा इंजेक्शन चालते का? मला वर्षभरापासून पांढरे जाते, वास येतो, ओटीपोटात दुखते. एआरटी सेंटरला सांगायची लाज वाटते, कारण तेथे सर्व विचारपूस रांगेत सगळ्यांसमोर होते.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या तक्रारीचे उत्तर आधी देते, कारण ती वर्षभर अंगावर काढलेली आहे. वास येणारे पांढरे पाणी आणि ओटीपोटात दुखणे हे जननमार्गातील जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते आणि बहुतेक वेळा ते औषधाने पूर्ण बरे होते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तेथे स्वतंत्र खोलीत तपासणी होते आणि औषधे मोफत मिळतात. औषध तुमच्यासोबत मालकांनीही घेतले पाहिजे, नाहीतर तोच संसर्ग तुम्हांला पुन्हा होईल. सेंटरवर बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर ‘स्त्रीरोग तपासणी हवी आहे’ एवढेच लिहून काउन्सेलरच्या हाती द्या. आठ वर्षे एक बाई नियमाने सेंटरवर येते आणि तिच्या अंगावरच्या त्रासाविषयी तिला एकांतात एकदाही विचारले जात नाही, ही तुमची चूक नाही. ती आम्हा आरोग्य सेवेतील लोकांची चूक आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

त्याच तपासणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी करून घ्या. हे मी टाळू नये असे म्हणत नाही, हे कराच असे म्हणते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या दुसऱ्या विषाणूमुळे होतो, आणि प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर तो विषाणू शरीरात टिकून राहतो. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी ही तपासणी करण्यास सांगते. सरकारी दवाखान्यात बहुधा सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, गर्भाशयमुखाला लावून पाहतात. मिनिटभरात पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी करतात. यात चिरफाड नसते आणि भूल द्यावी लागत नाही. कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेतील डाग त्याच जागी उष्णतेने किंवा थंडाव्याने नष्ट करता येतात. तसे उपचार झाले तर वर्षाने पुन्हा दाखवायला यावे लागते. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.

आता मूल न होऊ देण्याविषयी. एचआयव्ही आहे म्हणून तुम्हांला कोणतेही साधन वर्ज्य नाही. तांबी चालते, फक्त आत्ता असलेला संसर्ग बरा होऊ द्यावा आणि मग बसवावी. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ते एआरटीसोबत घेता येते. त्याने पाळी अनियमित होते किंवा काही काळ येत नाही, म्हणून घाबरू नये. गर्भनिरोधक गोळ्याही सध्याच्या एआरटीसोबत चालतात. क्षयरोगाचे औषध चालू झाले तर मात्र त्यातील रिफाम्पिसिनमुळे या गोळ्यांचा परिणाम उणावतो, आणि डोल्युटेग्राविरचाही एक जादा डोस लागतो. ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे. दोन मुलांनंतर कायमचा उपाय हवा असेल, तर पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे आणि एचआयव्हीमुळे तिला अडथळा येत नाही. हे वाक्य मालकांना वाचायला द्या.

निरोधाबाबत मालकांशी रोज भांडण करण्यापेक्षा एकदा दोघांनी मिळून काउन्सेलरसमोर बसावे. तुम्हा दोघांचा विषाणू दबलेला असेल, तर निरोधाचे मुख्य काम इतर गुप्तरोगांपासून संरक्षण हे आहे. तुमच्या आजच्या तक्रारीकडे पाहता उपचार पूर्ण होईपर्यंत तरी त्याला पर्याय नाही.

प्रश्न : माझे वय ३१ आहे. मी जिनिंगमध्ये कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह असल्याचे कळले. गोळी नियमित आहे. घरी कोणाला माहीत नाही आणि आता मुली पाहणे सुरू झाले आहे. विषाणू दबलेला असेल तर मुलीला न सांगता लग्न केले तर चालेल का?

उत्तर : नाही, दादा. लागण होणार नाही हे खरे असले, तरी जिच्यासोबत आयुष्य काढायचे तिला हे ठाऊक असण्याचा अधिकार आहे. शिवाय रोजची गोळी, दर महिन्याची सेंटरची फेरी, बाळाचा विचार, हे सर्व लपवत संसार करणे तुम्हांलाही झेपणार नाही; आणि लपवता लपवता गोळी चुकू लागते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. घरी सर्वांना सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मुलीला सांगताना काउन्सेलरची मदत घ्या. त्यांच्यासमोर बोलणे झाले तर तिच्या शंकांना तेथेच उत्तर मिळते. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींसाठी वधू-वर मेळावेही होतात, त्यांची माहिती सेंटरवर मिळू शकेल.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. ती पॉझिटिव्ह आहे. एका खासगी दवाखान्यात तिचे नाव नोंदवले होते; रिपोर्ट आल्यावर तेथे ‘येथे बाळंतपण होणार नाही’ असे सांगितले आणि तिच्या फाईलवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत आजाराचे नाव लिहिले. दुसरीकडे गेलो तर तेथे ‘बाळंतपणातच ऑपरेशन करून टाकू’ असे म्हणाले. तिचे हे पहिलेच मूल आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे घडले ते कायद्याला धरून नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे या कायद्याने निषिद्ध आहे. कोणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीवाचून इतरांपुढे उघड करता येत नाही. लाल शाईत ठळक लिहिणे म्हणजे फाईल हाती घेणाऱ्या प्रत्येकाला तो वाचून दाखवणेच होय. गरोदर स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. ही संमती तिची स्वतःची हवी. नवऱ्याची, सासूची किंवा तुमची सही त्यासाठी चालणार नाही. वेणा सुरू असताना पुढे केलेल्या कागदावर घेतलेली सही ही खरी संमती आहे असे मी मानत नाही, म्हणून ‘ऑपरेशन नको’ हे तिने आताच शांतपणे, लेखी सांगून ठेवावे.

परंतु सातव्या महिन्यात आधी बाळंतपणाची सोय आणि मग तक्रार, हा क्रम ठेवा. याच आठवड्यात तिला घेऊन एआरटी सेंटरवर जा. तिची गोळी चालू नसेल तर त्याच दिवशी सुरू होईल. चालू असेल तर व्हायरल लोडची तारीख ठरेल. बाळंतपण कोठे होणार, बाळाचे सिरप तेथे आहे का, हे काउन्सेलरला विचारून कागदावर लिहून घ्या. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे बाळंतपण होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सोय असेल तर उत्तमच, कारण रात्री-अपरात्री पावसात नाला भरला तर जिल्ह्याचे गाव गाठणे कठीण होते. आशाताईंना विश्वासात घेणे योग्य वाटले तर घ्या. तेही बहिणीच्या होकारानेच.

तक्रारीसाठी वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याशिवाय राज्य सरकारने या कायद्याखाली नेमलेल्या ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. त्यांनी तीस दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. दवाखान्यात कोणत्या तारखेला, कोणी, काय सांगितले, हे आजच वहीत लिहून ठेवा आणि फाईलच्या त्या पानाची प्रत मागा. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन केला, तर कोठे जावे हे सांगतात.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे आणि अमरावती जिल्ह्यात कॉलेजला आहे. मला जन्मापासून एचआयव्ही आहे. आई-वडील नाहीत, मामाने वाढवले. होस्टेलवर मैत्रिणींना कळू नये म्हणून गोळी बाथरूममध्ये जाऊन घेते, कधी राहूनही जाते. माझी पाळी दोन-तीन महिने येत नाही. माझे पुढे लग्न, मूल होऊ शकेल का?

उत्तर : बाळ, होऊ शकेल, पहिल्या पत्राचे उत्तर तुझ्यासाठीही आहे. मात्र तुझी आजची काळजी वेगळी आहे. गोळी राहून जाते असे तू मोकळेपणाने लिहिलेस ते बरे झाले. वारंवार चुकल्याने विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि तुला अजून खूप वर्षे या औषधांवर काढायची आहेत. गोळ्या व्हिटॅमिनच्या साध्या डबीत ठेवल्या तरी चालतात. त्यांना ओल लागू देऊ नकोस, म्हणून मूळ डबीतली ओलावा शोषणारी पुडीही त्यात टाक. होस्टेलवर रात्री एकांत मिळत नसेल तर वेळ बदलून सकाळची कर. दिवसाची कोणतीही एक ठरलेली वेळ चालते.

पाळीसाठी वजन, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घे. अशक्तपणा, ताण किंवा हार्मोनचा असमतोल यांमुळेही पाळी लांबते, आणि प्रत्येक गोष्टीचे कारण एचआयव्ही नसते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्हीच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचार. पुण्यात तयार होणारी ‘सर्व्हावॅक’ ही लस वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते आणि एचआयव्ही असलेल्यांनी शक्यतो तिचे तीनही डोस घ्यावेत. शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. पुढच्या तारखेला सेंटरवर जाशील तेव्हा चुकलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सांग आणि व्हायरल लोड मागून घे. तो आला की मला पुन्हा पत्र पाठव.